औषध यायच्या आधीच तयार असलेले जंतू

प्रश्न : बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलंय. जंतू औषधाला सरावतात आणि मग ते औषध चालत नाही, असं सगळेच सांगतात. हे तर लॅबमध्ये दिसतंच, मग त्यात गणिताची मॉडेल्स कशाला लागतात? पुढच्या वर्षी गणित सोडलं तर चालेल ना?

उत्तर : नका सोडू, अगदी कळकळीने सांगतोय. जंतू सरावतात ही समजूतच मुळात चुकीची आहे, आणि ते कळलं गणितामुळेच. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी ई. कोलाय बॅक्टेरिया बऱ्याच वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले, मग एकेका नळीतले बॅक्टेरिया त्यांना मारणारा व्हायरस असलेल्या प्लेटवर टाकले (इथे औषधाच्या जागी व्हायरस समजा) आणि किती वाचतात ते मोजलं. आता व्हायरस समोर आल्यावर बॅक्टेरिया बदलत असतील तर चान्स सगळ्यांना सारखाच, म्हणजे सगळ्या प्लेटवरचे आकडे जवळपास यायला हवेत. तसं झालंच नाही, कित्येक प्लेटवर शून्य आणि एखादीवर शंभराच्या वर! म्हणजे म्युटेशन (जनुकांत आपोआप होणारा बदल) आधीच, नळीत वाढतानाच होऊन गेलेलं, आणि ते जितकं लवकर झालं तितकी त्याची पिल्लावळ मोठी, दहा पिढ्या आधी झालं तर एकाचे १०२४. नुसत्या डोळ्यांनी काय, वाचलेल्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपकेच दिसतात, खरी गोष्ट आकड्यांच्या चढउतारात होती. पुढे व्हायरसवरच्या कामासाठी या दोघांना, हर्शी यांच्यासोबत, १९६९ चं नोबेल मिळालं.

याचा थेट उपयोग टीबीत बघा. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध आलं तेव्हा एकटंच द्यायचे, पेशंटला बरं वाटायचं आणि काही महिन्यांत औषध चालेनासं व्हायचं. आज टीबीवर देतात त्यांतली दोन औषधं घ्या : आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. टीबीने फुफ्फुसात पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू धरले तर पहिल्या औषधातून सुटणारे शंभरेक आधीच तिथे बसलेत, दुसऱ्यातून सुटणारा एखादा, पण दोन्ही शक्यतांचा गुणाकार केला तर दोन्हींतून सुटणारा सापडायला तसे दहा लाख पेशंट बघावे लागतील. म्हणून सुरुवातीला चार-चार औषधं, आणि म्हणूनच त्यातलं एखादं मनाने बंद करणं इतकं घातक. अर्थात या गुणाकारात सगळी औषधं पोकळीत सारखी पोचतात असं गृहीत धरलंय, तसं नेहमी होत नाही, त्यामुळे औषध कुठे किती पोचतं तेही आता मॉडेलमध्ये घालतात.

प्रोबॅबिलिटी आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एवढं आधी पक्कं करा. आणि लुरिया-डेलब्रुकचा प्रयोग पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून स्वतः करून बघा, वीस-पंचवीस ओळींत होतो.