उन्हाळा संशोधनाला द्यावा की जॅमला?

प्रश्न : मुलगी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. पुढे पीएच.डी. करायची म्हणते, म्हणून उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करणार आहे. मला वाटतं, दोन महिने प्रयोगशाळेत भांडी धुण्यापेक्षा तिने जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करावा. तुमचं मत?

उत्तर : भांडी धुवावी लागतीलच, खोटा दिलासा देत नाही. सुरुवातीचे दिवस कुणा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या मागे उभं राहून बघण्यात जातात. मग पुस्तकात एका ओळीत उरकलेली अभिक्रिया प्रत्यक्षात तिसऱ्या खेपेलाही होत नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठाऊक असतं. इथे ते गाइडलाही ठाऊक नसतं. हे तिला मानवतं का, ते पीएच.डी.त पाच वर्षं घालण्याआधी कळलेलं बरं. नाही मानवलं, तरी उन्हाळा वाया गेला असं मी म्हणणार नाही.

जॅमबद्दलची तुमची शंका मात्र अर्धी खरी आहे. आयआयटीत एम.एस्सी.चा प्रवेश जॅमच्या गुणांवर होतो, तिथे फेलोशिपचं कुणी विचारत नाही. पण इंटिग्रेटेड पीएच.डी.च्या (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) मुलाखतीत या कामावर प्रश्न निघतात, आणि परदेशी अर्जाला तर शिफारसपत्रं लागतात. भरल्या वर्गातल्या मुलीबद्दल प्राध्यापक ‘हुशार, मेहनती’ यापलीकडे काय लिहिणार? फसलेला प्रयोग तिने पुन्हा कसा लावला, हे जवळून पाहिलेलाच लिहू शकतो. शिवाय जॅम फेब्रुवारीत असते. जुलैनंतर अभ्यासाला पुरेसा वेळ उरतो.

देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त फेलोशिप दोन महिन्यांची असते, विद्यावेतनासह. बंगळूरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर या संशोधन संस्थेचीही अशीच आहे. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच मागवतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागा. अर्जातला मजकूर तिचा तिला लिहू द्या. (वडिलांनी लिहिलेला लगेच ओळखू येतो!) एखाद्या प्राध्यापकांना थेट ईमेल करायचा, तर ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ छापाचं एकच पत्र सगळ्यांना धाडू नये. त्यांचा एक शोधनिबंध वाचून न कळलेली नेमकी गोष्ट विचारावी. फी घेऊन ‘रिसर्च इंटर्नशिप’चं सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका.

आणि निवड नाहीच झाली, तर तिच्याच कॉलेजात कुणा सरांचं किंवा मॅडमचं संशोधन चालू आहे का, ते तिने विचारावं. शिफारसपत्र त्यांचंही चालतं.