रात्री धाप लागून उठतात, झोपेची गोळी देऊ का?

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे. मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू आहेत. चार वर्षांपूर्वी अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के आहे, असं डॉक्टर म्हणतात. दहाला आडवे होतात आणि लगेच झोपतात, पण एक-दीडला दचकून उठतात. धाप लागते, मग बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. अर्ध्या तासाने बरं वाटतं. शिवाय रात्रीतून चारदा लघवी. उशा तीन लागतात. घोरणं तर लग्नापासूनचं. पाण्याची गोळी ते रात्री जेवणानंतर घेतात, कारण किराणा दुकान आहे, दिवसा गल्ला सोडून सारखं कोण उठणार? 'गॅस झालाय' म्हणतात. शेजारच्या काकूंकडे झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातली अर्धी देऊ का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नका देऊ, ताई. तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. अशी आणखी बरीच घरं असतील म्हणून इथे लिहितो.

यजमानांना झोप येत नाही असं नाहीच. ती लागते आणि मोडते. दिवसभर गल्ल्यावर पाय सोडून बसलं की अशक्त हृदयाला पायांतलं पाणी वर ओढवत नाही. संध्याकाळी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहा, खळगा राहील. आडवं झालं की तेच पाणी रक्तात परततं. फुप्फुसांत साचलं की तासा-दोन तासांत धाप लागते, आणि मूत्रपिंडांनी बाहेर काढलं की लघवी. उठून बसलं की ते पुन्हा खाली उतरतं, म्हणून ओट्यावर बरं वाटतं. याला गॅस म्हणून दिवस काढू नका. पंपिंग कमी असलेला माणूस असा उठायला लागला, तर एक-दोन दिवसांत हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

पाण्याच्या गोळीचा (बहुधा फ्युरोसेमाइड असावी) अंमल तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. रात्री नऊला घेतली की तीनपर्यंत फेऱ्या. पहाटे उठल्याबरोबर घेतली तर दुकान उघडेपर्यंत तिचं बरंचसं काम उरकलेलं असेल. वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी बंद मात्र करू नका. आणि गल्ल्याशेजारी फरसाणाची बरणी असेलच! त्यातलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं.

आता साखर. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि पाणी सोबत ओढते. म्हणजे चारातल्या एक-दोन फेऱ्या तिच्याही असू शकतील. उलटही होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि रात्री नुसत्या वरणावर भागवलं, तर मध्यरात्री साखर घसरते. बनियन घामाने भिजतं, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड. अटॅकनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलच्या जातीची गोळी असते. तिच्यामुळे साखर घसरल्यावर होणारी धडधड आणि थरथर जाणवेनाशी होते, घाम मात्र येतो. म्हणून उठतील तेव्हा ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि सकाळी डॉक्टरांना आकडा कळवा.

घोरणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते झोपल्यावर मोबाइलवर दहा मिनिटं चित्रण करा. घोरणं एकदम थांबतं, दहा-वीस सेकंद सामसूम, मग मोठा घोरका देऊन श्वास सुरू, असं दिसलं तर तो स्लीप अॅप्निया. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून अॅड्रिनलिन सोडतं, रक्तदाब आणि साखर दोन्ही चढतात. पथ्य पाळूनही उपाशीपोटीची साखर उतरत नाही, त्यामागे कधी कधी हेच असतं. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, जाग यायलाही उशीर होतो. काकूंच्या गोळ्या काकूंकडेच राहू द्या.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात, ती घरीही करता येते. पण झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं मशीन मिळतं, ते परस्पर ऑनलाइन मागवू नका. पंपिंग कमी असलेल्यांत कधी कधी घसा मोकळा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटत नाही. अशा रुग्णांना एका विशिष्ट प्रकारच्या मशीनने अपाय होतो, हे २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे कोणतं मशीन, हे स्टडी बघून डॉक्टरच ठरवतील.

तोवर रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, पाणी आहे. लगेच फोन करा. उठून बसूनही धाप ओसरली नाही, गुलाबी फेसाळ थुंकी आली, किंवा छातीत दाब येऊन दरदरून घाम फुटला, तर साखर बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.