डब्याला कोणी ‘एक्झॉटिक’ म्हटलं तर? श्टुटगार्टला निघालेल्या एकीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणहून श्टुटगार्टला बदली होतेय, ऑफिसात डबा न्यायचा आहे, आणि अमेरिकेतले लेख वाचून धास्ती बसली आहे. परदेशी जेवणाला ‘एक्झॉटिक’ म्हणणं आता जुनाट, अपमानास्पद समजतात म्हणे. मग कोणी आपल्या भाजीला तसं म्हटलं तर मनाला लावून घ्यायचं का? आणि आपण त्यांच्या पदार्थांना म्हटलं तर?

माझं मत: शब्दावर चिडू नका. शब्द उच्चारल्यावर समोरचा काय करतो ते बघा.

अमेरिकेतला वाद खोटा नाही, पण तो तिथला आहे. तिथल्या सुपरमार्केटात ‘एथनिक’, म्हणजे परदेशी वळणाच्या, पदार्थांची वेगळी रांग असते. जी माणसं तिथेच जन्मली, ज्यांचे आजोबाही तिथेच वाढले, त्यांचा रोजचा तांदूळ आणि सोया सॉस त्या रांगेत. कोरियन वंशाचे अमेरिकी शेफ डेव्हिड चँग २०१९ मध्ये या रांगेवर जाहीरपणे तुटून पडले होते. त्यांचा राग रास्त आहे, कारण ते पाहुणे नाहीत. तुम्ही-मी मात्र जर्मनीत कालपरवा आलेलो. आपला काळा मसाला श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या, माणसाला अनोळखी वाटला तर तो खरोखरच त्याला अनोळखी असतो.

जर्मनीत हा शब्द फळबाजारात सर्रास चालतो. आंबा, पपई, लिची यांच्यावर ‘एक्झोटिश’ फळं अशी पाटी असते, व्यापारी तर त्यांना नुसतं ‘एक्झोटन’ म्हणतात. आपल्याकडे मॉलमध्ये ब्रोकोली, झुकिनी आणि लाल-पिवळी ढोबळी ‘एक्झॉटिक’ म्हणून लावतात तसंच. ती भाजी पुणे जिल्ह्यातल्याच शेतातून आलेली असते ही गंमत वेगळी. (आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी बघा: साबुदाणा ज्या कंदाचा तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. आपण त्यांना देवघरापर्यंत नेलं.) पाटीवरच्या या शब्दानं इटलीतल्या ब्रोकोलीवाल्या शेतकऱ्याला काही वाटत नाही, कारण ब्रोकोली खातो म्हणून पुण्यात त्याला कोणी खोली नाकारत नाही. सगळा फरक इथे आहे.

तुम्ही पत्रात उल्लेख केलेली अमेरिकेतली बातमीच घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या विभागात २०२३ मध्ये एका भारतीय संशोधक विद्यार्थ्याला मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम करण्यावरून हटकलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी विद्यापीठानं दोन लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिथे भांडण वासाचं आणि कोणी कुठे काय गरम करायचं याचं होतं, विशेषणाचं नव्हे. आपणही यात धुतल्या तांदळासारखे नाही. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी सूचनांची पुस्तिका काढली होती, त्यात बांबूचे कोंब आणि अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) असले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा असा सल्ला होता. कोणी त्यांना ‘एक्झॉटिक’ म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं, असं वाटावं.

जर्मनीत खाण्याच्या नावावरून वाद झाला तो एका सॉसवरून. रोमा आणि सिंती या युरोपातल्या अल्पसंख्य समाजांना हिणवायचा शब्द त्या सॉसच्या नावात होता. २०२० मध्ये क्नोर कंपनीनं तो काढून ‘हंगेरियन पद्धतीचा पाप्रिका सॉस’ असं नाव ठेवलं. त्या समाजांच्या केंद्रीय परिषदेनं स्वागत केलं, पण बाटलीवरच्या नावापेक्षा वाढता द्वेष जास्त काळजीचा आहे, हेही बजावलं. मला ही भूमिका पटते. हिणवणारं नाव जायलाच हवं. ‘एक्झोटिश’ त्या जातीचा शब्द नाही, निदान जेवणापुरता तरी. माणसाला लावला तर गोष्ट निराळी. ‘तू किती एक्झॉटिक दिसतेस’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून देऊ नका, आवडलं नाही म्हणून सांगा. इथे स्पष्ट बोललेलं चालतं.

आता ऑफिस. प्रत्येक मजल्यावर चहा-कॉफीची छोटी खोली असते, मायक्रोवेव्ह तिथेच. बारा वाजले की जो तो ‘मालत्साइट’ (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हणत जातो, तुम्हीही म्हणा. मी एकदा वांग्याचं भरीत-भाकरी सोडून काळ्या मसाल्याचा बटाट्याचा रस्सा नेला होता. शेजारच्या टेबलावरचा टेस्टिंगवाला म्हणाला, ‘एक्झोटिश!’ मग चमचाभर मागून घेतला. यात काय आहे विचारल्यावर मी दगडफूल सांगितलं, फोटो दाखवला. गडी ताडकन म्हणाला, ही तर आमच्या जंगलात झाडाच्या सालीवर दिसते तसली. दुसऱ्या आठवड्यात मी घरून थोडं कागदात बांधून नेलं तर ते हुंगत, चुरत, उजेडात धरत त्यानं अर्धी सुट्टी घालवली. अशा माणसाला शब्द दुरुस्त करून द्यायला मी जाणार नाही.

आणि कोणी खिडकी उघडली तर तेही लगेच अंगावर घेऊ नका. इथली माणसं जानेवारीत बाहेर बर्फ असतानासुद्धा दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडतात. हा त्यांचा कुळाचार आहे. मात्र नाक मुरडून उठून जाणं, डबा तिकडे नेऊन खा म्हणणं, हा प्रकार झाला तर वरिष्ठांना सांगा. सुकट आणि बोंबील मात्र ऑफिसात नकोच. तो नियम मी पुण्यातही पाळत होतो.

खरा कस घर शोधताना लागतो. घर बघायला गेल्यावर ‘तुम्ही रोज स्वयंपाक करता का, मसाले फार वापरता का’ असं विचारणारे मालक भेटतात. गोड बोलून विचारतात आणि नंतर फोन येत नाही. जर्मनीच्या २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानं वंशावरून घर नाकारण्याला मनाई आहे, केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालयही सल्ला देतं. पण सिद्ध करणं कठीण, म्हणून ईमेल जपून ठेवा. राग राखून ठेवायचाच तर इथल्यासाठी ठेवा.

त्यांच्या पदार्थांचं म्हणाल तर ‘एक्झॉटिक’ म्हणायची वेळच येणार नाही. मसूर आणि श्पेट्झल हे इथलं घरगुती जेवण: व्हिनेगर घातलेली घट्ट मसूर आणि वर कणकेचे तुकडे. आपल्या वरणफळांची लांबची मावसबहीणच. सोबत सॉसेज असतं, नको असेल तर आधीच सांगा. मसुरीतही बेकन असू शकतं, तेही विचारा. माउलटाशन म्हणजे सारण भरलेले चौकोन. उपासाच्या दिवसांत मांस देवापासून लपवायला कणकेत गुंडाळलं, अशी त्यांची दंतकथा आहे. ही कथा आपल्या लोकांना फार आवडते. आपल्याकडून खरा अपमान होतो तो ‘सगळं अळणी आणि उकडलेलं’ या शेऱ्यानं. मराठी मंडळींच्या जेवणावळीत तो जर्मन पाहुण्यासमोर बिनदिक्कत ऐकू येतो.

ऑफिसच्या पार्टीला थालीपीठ न्याल तर चिठ्ठीवर ‘इंडियन पिझ्झा’ लिहू नका. थालीपीठच लिहा, खाली पिठं लिहा, आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर शेंगदाणा ठळक लिहा. ॲलर्जीबाबत ही माणसं फार काटेकोर आहेत.

सामानाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांचा, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता नको. काळा मसाला, गोडा मसाला, हिंग दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इन बॅगेत टाका. कढीपत्ता श्टुटगार्टच्या एशियन दुकानांत मिळतो.