पत्त्यांचे चारही प्रयोग जमले, तरी टाळ्या पहिल्यालाच का?

धरमपेठेतल्या सोसायटीच्या गणपतीत तुम्ही चार प्रयोग केलेत आणि चारही वेळा 'एक पान काढा, लक्षात ठेवा, परत ठेवा' म्हणून शेवटी पान शोधून दिलंत. युक्त्या चार असतील, पण प्रेक्षकाला युक्ती दिसत नाही, घडलेलं दिसतं. त्याच्या लेखी तो एकच प्रयोग होता.

पान शोधणं एकदाच ठेवा. सुरुवात कुणालाही पान न काढायला लावता करा: इस्पिकचा राजा हात फिरवताच बदामची राणी होतो. रंग बदलला की मागच्या रांगेलाही कळतं. मग अदलाबदल. पुढच्या रांगेतल्या काकूंच्या दोन तळहातांमध्ये एक गुलाम, तुमच्याकडे एक्का. त्यांनी हात उघडले की एक्का त्यांच्याकडे. माझ्या मते कार्यक्रमाचा जीव इथेच आहे. हात त्यांचे असतात, आणि त्यांचा चेहरा अख्खा मांडव बघतो. नंतर शोधलेलं पान, शेवटी भाकीत, म्हणजे कोणतं पान निवडलं जाईल ते आधीच लिहून ठेवलेलं. त्याचं बंद पाकीट मात्र सुरुवातीलाच लहान मुलाकडे देऊन ठेवा.

एकच परिणाम पुन्हा दाखवायचाच, तर दरवेळी अट कडक हवी. मध्ये सरकवलेलं पान वर येतं, हे १९२२ मध्ये शिकागोत जादूगार डाय व्हर्ननने प्रसिद्ध जादूगार हुदिनीला पुन्हा पुन्हा दाखवलं. पानावर हुदिनीची स्वतःची खूण होती, तरी त्याला उलगडलं नाही.