नॉर्वे आणि ब्रिटन, दोन्हीकडे तेल-वायू कंपन्यांवर ७८ टक्के कर. मग कंपन्यांची ओरड ब्रिटनमध्येच का?

आकडा एकच असला तरी भरवसा एक नाही. नॉर्वेत २२ टक्के कंपनी कर आणि वर प्रत्यक्षात ५६ टक्के पडणारा खास पेट्रोलियम कर. पण ही ७८ ची बेरीज तिथे वर्षानुवर्षं हललेली नाही, आणि खर्चाची वजावटही त्याच दराने मिळते. म्हणजे सरकार नफ्यात भागीदार, तसं जोखमीतही.

ब्रिटनचं मात्र तळ्यात-मळ्यात. आधी एकूण कर ४० टक्के होता. मे २०२२ मध्ये त्यावर २५ टक्क्यांचा जादा कर आला, मग तो ३५ झाला, नोव्हेंबर २०२४ पासून ३८, म्हणजे एकूण ७८. गुंतवणुकीवरची मोठी सवलतही तेव्हाच गेली. वीस वर्षांचा प्रकल्प उभारणाऱ्याने हिशोब मांडायचा कशावर?