रीलचे पैसे मागताय, तर हक्कांचेही मागा

प्रश्न : ताई, इन्स्टावर माझं घरातल्या झाडांचं अकाउंट आहे, ११ हजार फॉलोअर्स आहेत. एका ग्रो लाइटवाल्या (घरातली झाडं वाढवायचे दिवे विकणाऱ्या) कंपनीचा मेसेज आला की आम्ही लाइट फुकट पाठवतो, तुम्ही सात दिवसांत एक रील आणि तीन स्टोरी टाका. पैशांचं विचारलं तर म्हणाले एवढ्या छोट्या अकाउंटला आम्ही बार्टरच करतो, म्हणजे पैसे नाही, वस्तूच देतो. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय की व्हिडिओ कंपनी कायमस्वरूपी कुठल्याही माध्यमात वापरू शकते आणि सहा महिने मी दुसऱ्या लाइट कंपनीचं काम करायचं नाही. लाइट मला हवाच होता. हो म्हणू का? मैत्रीण म्हणते आधी ५० हजार होऊ दे, मग पैसे माग.

उत्तर : या अटींवर हो म्हणू नकोस. आणि ५० हजारांची वाटही बघू नकोस. झाडं वाढवणारे ११ हजार लोक एका जागी मिळणं ही लाइटवाल्या कंपनीसाठी फार कामाची गोष्ट आहे, नाहीतर त्यांनी स्वतःहून मेसेज केलाच नसता.

तुला वाटतंय तू एक रील आणि तीन स्टोरी देतेयस, पण त्या कागदावर अजून दोन गोष्टी आहेत आणि माझ्या मते त्या रीलपेक्षा महाग आहेत. पहिली म्हणजे तो व्हिडिओ कायमचा वापरायचा हक्क. याचा अर्थ उद्या ते तुझा चेहरा आणि आवाज घेऊन पैसे लावून जाहिरात चालवतील, वेबसाइटवर लावतील, दोन वर्षांनी लाइटचं मॉडेल बदललं तरी तूच त्याची शिफारस करताना दिसशील, आणि तुला एक पैसा मिळणार नाही. त्यांना सरळ लिही की माझ्या अकाउंटवर पोस्ट करण्याचे इतके पैसे, तुमच्या पेजवर शेअर करायचं असेल तर ३० दिवस चालेल, जाहिरातीत वापरायचं असेल तर मुदत ठरवा, त्याचे पैसे वेगळे. अजून एक, कंपन्या कधीकधी तुझ्याच हँडलवरून जाहिरात चालवायची परवानगी मागतात, त्याला पार्टनरशिप ॲड म्हणतात. जाहिरातीवर तुझं नाव दिसतं, त्यामुळे चिडलेल्या लोकांच्या कमेंट्सही तुझ्याच नावाने येतात. त्याचे पैसे पण वेगळेच लावायचे.

दुसरी गोष्ट सहा महिन्यांची अट. एका लाइटच्या बदल्यात ते तुझ्या कमाईचा एक दरवाजा अर्धं वर्ष बंद करतायत, हे मला अजिबात पटत नाही. फार तर एक महिना, तोही दोन-तीन कंपन्यांची नावं लिहून आणि पैसे घेऊन.

रेट कसा काढायचा ते सांगते. फॉलोअर्सचा आकडा बाजूला ठेव, शेवटच्या दहा-बारा रील्सचे व्ह्यूज बघ, त्यातली एखादी अचानक व्हायरल झालेली काढून टाक आणि बाकीच्यांची सरासरी घे. मग स्वतःचे तास मोज, स्क्रिप्ट, शूट, एडिटिंग, त्यांनी सांगितलेले बदल, सगळं. तासांच्या हिशोबाने जी रक्कम येईल त्याच्या खाली जायचंच नाही, व्ह्यूज चांगले असतील तर वर जायचं. पण आकडा आपण आधी टाकायचा नाही, "या कॅम्पेनसाठी तुमचं बजेट काय आहे?" असं विचारायचं. बरोबर इनसाइट्सचे (इन्स्टा अकाउंटची जी आकडेवारी दाखवतं तिचे) स्क्रीनशॉट पाठव, रीच म्हणजे किती लोकांपर्यंत पोचतं, सेव्ह आणि शेअर किती होतात, फॉलोअर्स कुठले आणि कुठल्या वयाचे आहेत. झाडांच्या अकाउंटला सेव्ह भरपूर मिळतात, लोक परत बघायला ठेवतात ना, ते ठळक दाखव. अर्धे पैसे आधी, उरलेले पोस्ट झाल्यावर ३० दिवसांत, आणि बदल दोनदाच करून देणार, एवढं मेलवर लेखी घेतल्याशिवाय कॅमेरा काढू नकोस.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते सात दिवस. ग्रो लाइटचा फरक सात दिवसांत दिसतो का? नवीन पान कसं येतंय, दोन पानांमधलं अंतर कमी होतंय की रोप लाइटकडे ओढलं जाऊन लांबुळकं होतंय, हे कळायला तीन-चार आठवडे तरी जातात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून एकतर महिनाभराची मुदत माग, नाहीतर रीलमध्ये स्पष्ट सांग की लाइट आजच आलाय, रिझल्ट अजून बघायचाय. त्यांना हे चालत नसेल तर डील सोडून दे. ११ हजार लोक तुझं ऐकतात ते तू झाडांबद्दल खरं बोलतेस म्हणूनच.

आणि फुकट मिळालेली वस्तू असली तरी सांगायचं, लेबल फक्त पैसे घेतल्यावरच लावायचं असं नसतं. इन्स्टावर पेड पार्टनरशिपचं लेबल २०१७ पासून आहे, ते लाव आणि कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिही, "मोअर" दाबल्यावर दिसेल असं खाली दडवू नकोस. पैशांच्या गुंतवणुकीशी संबंधित स्पॉन्सरशिप आली तर तिथे नुसतं लेबल पुरेलच असंही नाही. अमेरिकेत टीव्ही स्टार किम कार्दशियनने एका क्रिप्टो टोकनची पोस्ट केली होती, त्यात जाहिरातीचा हॅशटॅग होता तरी पोस्टसाठी अडीच लाख डॉलर मिळाले हे सांगितलं नाही म्हणून २०२२ मध्ये तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

प्रश्न : मला एका व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीचा स्पॉन्सरशिपचा मेल आलाय, पैसे खूप चांगले देतायत. डेमो म्हणून एक झिप फाइल आणि तिचा पासवर्ड पाठवलाय. मेल खरा वाटतोय, उघडू का?

उत्तर : नका उघडू. यूट्यूबवाल्यांना असंच फसवतात, गुगलने २०२१ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. अँटीव्हायरस, व्हीपीएन, फोटो एडिटिंग, गेम अशा कशाचा तरी डेमो म्हणून फाइल देतात, ती चालवली की ब्राउझरमध्ये आपण लॉगिन असल्याच्या ज्या कुकीज असतात त्या चोरीला जातात. मग चोराला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही, कारण तो तुमच्या चालू लॉगिनमध्येच घुसतो. फाइलला पासवर्ड लावतात तो अँटीव्हायरसला आतलं दिसू नये म्हणून. कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः जा, तिथल्या पत्त्यावर मेल करून विचारा की हा माणूस तुमचाच आहे का, आणि डेमो हवा असेल तर तिथूनच डाउनलोड करा. फाइल चुकून चालवली गेली असेल तर तो कॉम्प्युटर नेटवरून काढा, दुसऱ्या फोनवरून सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करा आणि मगच पासवर्ड बदला.