फ्लॅट घ्यावा की ओट्याला उतार करावा?

ताई, अमळनेरचं जुनं घर, लकव्यामुळे यजमानांना चाकाची खुर्ची, तुमची ३८ हजार पेन्शन आणि मुदत ठेवीत १४ लाख. मुलगा म्हणतो, घर १८ लाखांना विकू आणि जळगावात लिफ्टवाला फ्लॅट ३२ लाखांना घेऊ.

म्हणजे सगळी ठेव संपली. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दरमहा मेंटेनन्स. लकव्याच्या घरात मोठा खर्च भिंतींचा नसतो, उठवायला-बसवायला येणाऱ्या माणसाचा असतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. त्यासाठी हाती काय उरलं? शिवाय लिफ्टपर्यंत पोचायलाच तीन-चार पायऱ्या, अशा इमारती कमी नाहीत. माहितीपत्रकात त्या दिसत नाहीत!

माझं मत घर दुरुस्त करण्याचं. ओटा दीड फूट उंच आहे. खुर्चीच्या उताराला एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे १८ फूट लांबी. अंगणात एक वळण घेऊन बसेल. गवंडी आठ फुटांत बसवतो म्हणेल. ऐकू नका, खुर्ची ढकलणार तुम्ही. खरी अडचण परसातल्या संडास-न्हाणीची. रात्री किंवा मे महिन्याच्या उन्हात तिथवर नेणं-आणणं तुमच्याच कंबरेवर येतं. झोपायच्या खोलीला लागून नवी बांधा: दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळायला पाच फूट मोकळे, न घसरणारी फरशी, कमोडशेजारी पक्का दांडा. दांड्यासाठी भिंत विटांचीच हवी, जुन्या मातीच्या भिंतीत तो टिकत नाही.

मिस्त्रीने अडीच लाख सांगितलेत, तीन धरा. दोन लाख बँकेत हाताशी ठेवा. उरलेले नऊ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत: सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १८,४५० रुपये. मदतनीसाच्या पगाराला तेवढाच हातभार. मुदत पाच वर्षं. आधी मोडल्यास कपात होते, म्हणून सगळे पैसे तिथे अडकवू नका.

प्राप्तिकरातली ८० डीडीची, म्हणजे घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी मिळणारी वजावट विचारलीत. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि नव्या प्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर बसतच नाही, तेव्हा तो विषय सोडा. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र काढा, रेल्वे सवलतीला लागतं.

मुलाचा फ्लॅटचा आग्रह कायम राहिला, तर आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा. तोवर इसार देऊ नका.